पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंतच्या माझ्या आवडत्या गोष्टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही यादी कोणाची आणि कोणत्या महिन्यांची आहे?

मी पुण्यात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला वनस्पतिशास्त्र शिकते, वसतिगृहात राहते आणि मूळची वाई तालुक्यातली आहे. जून ते नोव्हेंबर या काळात ज्या वस्तू, जागा, पुस्तके आणि पदार्थ मला मनापासून आवडले, त्यांच्याविषयी पहिल्या वर्षाच्या मुली, खोलीतल्या मैत्रिणी आणि घरची मंडळी पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात, म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. यादीतल्या बहुतेक गोष्टी स्वस्त आहेत, काही तर फुकट आहेत. त्या मला आवडण्याचे कारण जवळजवळ एकच आहे. आपण ज्याच्याकडे बघून न बघितल्यासारखे पुढे जातो, त्याच्यापाशी त्या मला थांबवतात.

यातली सर्वांत आवडती वस्तू कोणती?

दहापट मोठे दाखवणारे घडीचे भिंग. ते धातूच्या छोट्या आवरणात फिरवून बंद करता येते, दोरी बांधून गळ्यात अडकवता येते आणि त्याला वीज, चार्जिंग, नेटवर्क असे काहीही लागत नाही. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याकडे ते असावे असे पहिल्या वर्षापासून सांगितले जाते, पण पुष्कळ जण ते स्पॉटिंगच्या (समोर ठेवलेला नमुना ओळखण्याच्या) परीक्षेपुरते कोणाकडून तरी मागून आणतात. माझे मत स्पष्ट आहे: या विषयाला प्रवेश घेतला असेल, तर पहिल्या सेमिस्टरच्या पुस्तकांच्याही आधी भिंग घ्यावे. वीसपट किंवा तीसपट असे लिहिलेल्या भिंगाच्या मोहात मात्र पडू नये. जितके जास्त मोठे दिसते तितका दिसणारा भाग लहान होतो, भिंग आणि वस्तू यांच्यातले अंतर अगदी थोडे उरते आणि हात जरा हलला तरी चित्र निसटते. रानात दहापट पुरेसे आहे.

भिंगातून काहीच नीट दिसत नाही, अशी तक्रार बरेच जण करतात. ते कसे धरायचे?

बहुतेक जण भिंग फुलाजवळ धरतात आणि स्वतः हातभर लांबून पाहतात, त्यामुळे चित्र अंधूक आणि लहान दिसते. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवून धरायचे, भिंगाचा हात गालाला टेकवून स्थिर करायचा आणि दुसऱ्या हाताने फूल हळूहळू जवळ आणायचे. दहापट भिंगासाठी हे अंतर साधारण अडीच सेंटिमीटर असते. फूल जमिनीलगत असेल आणि तोडायचे नसेल, तर आपणच गुडघे टेकून, वाकून खाली जायचे. दोन्ही डोळे उघडे ठेवण्याची सवय केली तर डोळा दुखत नाही. उजेड पाठीमागून किंवा बाजूने यावा, म्हणजे आपल्याच डोक्याची सावली फुलावर पडत नाही.

भिंगाखाली सर्वांत आधी काय पाहावे?

एकदांडी पाहावी. हिला काही भागांत दगडी पाला म्हणतात. पुण्यात ती फुटपाथच्या फटीत, मैदानाच्या कडेला, बसथांब्यामागे, कुठेही सापडते. लांब देठावरचे ते एकच फूल आहे असे वाटते, पण भिंगातून पाहिल्यावर मधल्या पिवळ्या भागात अनेक नळीसारखी छोटी फुले दाटीने बसलेली दिसतात. प्रत्येकाच्या तोंडाशी पाच दात असतात, आणि कडेच्या फिकट पाकळ्या ही सुद्धा स्वतंत्र फुलेच असतात. सूर्यफुलाच्या कुळाबद्दल पुस्तकात पानभर वाचलेले असते, ते येथे एका दृष्टिक्षेपात कळते.

त्यानंतर गवताचे फूल पाहावे. गवताला फुले येतात हेच आपल्या लक्षात नसते, कारण त्यांना रंगीत पाकळ्या नसतात. वारा परागकण वाहून नेतो, त्यामुळे कीटकांना बोलावण्याची गवताला गरज पडत नाही. सप्टेंबरमधल्या सकाळी एखादी फुललेली ओंबी भिंगाखाली धरली, तर बारीक धाग्यांवर लोंबणारे परागकोश (परागकणांच्या पिशव्या) आणि त्यांच्या शेजारी पिसासारख्या दोन कुक्षी (परागकण टिपणारी टोके) दिसतात. या कुक्षी काही गवतांत पांढऱ्या, तर काहींत गडद जांभळ्या असतात. पावसाळाभर मी पाहिलेल्या सगळ्या फुलांत मला ही सर्वांत सुंदर वाटली.

आणि ऑक्टोबर उजाडला की कुसळी गवत. त्याची कुसळे मोज्यांत अडकतात म्हणून सगळे वैतागतात, पण एक पिकलेले कूस काढून तळहातावर ठेवावे आणि त्यावर पाण्याचा एक थेंब सोडावा. दोरीसारखे पीळ पडलेले ते तपकिरी कूस ओले होताच उलगडू लागते, आणि टोकाचा वाकडा भाग घड्याळाच्या काट्यासारखा फिरताना साध्या डोळ्यांनी दिसतो. वाळले की पुन्हा पीळ बसतो. ओल आणि कोरड यांच्या या खेळातून बी मातीत शिरते. त्यात जिवंत स्नायू नाही, इंधन नाही, फक्त वाळलेल्या पेशींची रचना आहे. माझ्या आठ वर्षांच्या मामेबहिणीला हे दाखवले, तेव्हा तिने घरातला प्रत्येक चमचा पाण्याने भरून ठेवला आणि मला पुण्याला परत निघू देईना.

कागदाचा सूक्ष्मदर्शक खरोखर चालतो का?

चालतो. फोल्डस्कोप नावाचे हे उपकरण स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी तयार केले आणि २०१४ साली त्याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. छापील जाड कागदाचे भाग सुटे करून, घड्या घालून आणि एकमेकांत अडकवून आपणच ते जोडायचे असते. त्यात मोहरीहून लहान गोलाकार भिंग बसवलेले असते आणि ते वस्तू सुमारे १४०पट मोठी दाखवते. जोडायला थोडा वेळ आणि शांत मन लागते. चुंबकाच्या साहाय्याने ते मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बसवले की छायाचित्रही घेता येते.

मी त्यात सर्वांत जास्त वेळा पाहिलेली गोष्ट म्हणजे रिओच्या पानाची खालची साल. रिओ म्हणजे वरून हिरव्या आणि खालून जांभळ्या पानांचे ते कुंडीतले झाड. पान दुमडून तोडले की खालच्या बाजूचा पातळ जांभळा पापुद्रा निघतो. तो पाण्याच्या थेंबात ठेवून पाहिला की फरसबंदीसारख्या जांभळ्या पेशी दिसतात आणि त्यांच्यामध्ये जागोजागी दोन हिरव्या पेशींची जोडी, जणू मिटलेले ओठ. त्यांच्या मधल्या फटीतून पान श्वास घेते. त्याच पापुद्र्यावर मिठाचे पाणी सोडले तर जांभळा भाग पेशीच्या भिंतीपासून सुटून आक्रसताना दिसतो. हे प्रात्यक्षिक अकरावीत सगळेच करतात, पण वसतिगृहाच्या गॅलरीत संध्याकाळी निवांत बसून ते पुन्हा करण्यात वेगळाच आनंद आहे.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत चांगले सूक्ष्मदर्शक असताना याची काय गरज?

प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाची जागा हा घेऊ शकत नाही, आणि कोणी तसा दावा करू नये. प्रयोगशाळेत चित्र अधिक स्पष्ट दिसते, उजेड कमी-जास्त करता येतो आणि आवश्यक तितके मोठे करून पाहता येते. परंतु तेथे प्रॅक्टिकलची वेळ ठरलेली असते, एका सूक्ष्मदर्शकामागे तिघी-चौघी उभ्या असतात आणि जर्नलमध्ये आकृती पूर्ण करण्याची घाई असते. मनात येईल तेव्हा पाहता येणे ही कागदी सूक्ष्मदर्शकाची खरी देणगी आहे. डबक्यातले पाणी, बुरशी आलेली पोळी, फुलपाखराच्या पंखावरची धूळ यांसाठी कोणी प्रॅक्टिकल लावत नाही.

पुण्यातली आवडती जागा कोणती?

वेताळ टेकडी. पुणे शहरातली ही सर्वांत उंच जागा असून तिची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ८०० मीटर आहे. लॉ कॉलेज रस्ता, गोखलेनगर, पाषाण, कोथरूड अशा अनेक बाजूंनी वर जाता येते, तिकीट नाही, आणि पहाटेपासून चालणाऱ्यांची वर्दळ असते. पहिल्या वर्षी मीही तेथे केवळ चालायला जात होते. यंदा मात्र मी आठवड्यातून एकदा एकाच पायवाटेने जायचे आणि एकाच पट्ट्यात थांबायचे ठरवले, आणि त्यामुळे टेकडी मला प्रथमच दिसू लागली, असे म्हटले तरी चालेल.

जूनमध्ये पहिल्या सरींनंतर जमीन अजून उघडी असते, तेव्हा पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर कंदातून येणारी फुले आधी दिसतात. काळी मुसळीचे पिवळे चांदणीसारखे फूल जमिनीला चिकटूनच उमलते. आषाढ आमरी ही जमिनीवर वाढणारी ऑर्किड आपल्या नावाला जागून पावसाच्या सुरुवातीलाच पांढरी फुले धरते, आणि तिचे एखाद-दुसरे पान जमिनीवर सपाट पसरलेले असते. त्यांची घाई समजण्यासारखी आहे. आठ महिने कंदात साठवलेल्या अन्नावर त्या लगेच फुलतात, कारण जुलै-ऑगस्टपर्यंत गवत वाढले की खाली ऊन पोचत नाही. ऑगस्टनंतर गवताचे राज्य सुरू होते आणि त्यातून कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे वर येतात. एकाच पट्ट्यात सहा महिने थांबल्यावर ही पाळी डोळ्यांसमोर उलगडते. आठवड्याला नवी जागा पाहणाऱ्याला ती दिसत नाही.

टेकडीवर गिरिपुष्पाची दाट लागवड आहे. मूळचे मध्य अमेरिकेतले हे झाड हिरवाई पटकन देते, परंतु त्याच्या गर्दीखाली मला गवत आणि पावसाळी फुले फारच कमी आढळली, तर उघड्या माळावर ती भरपूर होती. आपल्याकडे माळरानाला पडीक जमीन समजण्याची जुनी सवय आहे. झाडे नाहीत म्हणजे काहीच नाही, असे मानून तेथे खड्डे खणले जातात. माळ ही स्वतःच एक पूर्ण वस्ती आहे, असे मला यंदा पक्के वाटू लागले आहे. या टेकडीतून रस्ता आणि बोगदे नेण्याच्या प्रस्तावांना विरोध करण्यासाठी २०२३ मध्ये पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले होते. मी तेव्हा बारावीचा अभ्यास करत होते. आज तो विषय निघाला, तर मला नेमके काय वाचवायचे आहे हे नावानिशी सांगता येईल.

चालण्याचा कंटाळा असलेल्यांसाठी गणेशखिंड बागही सांगते. तिला २०२० साली जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

कास पठारावर जावे का?

जावे, पण गालिचा पाहण्याच्या अपेक्षेने जाऊ नये. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर आणि सुमारे १२०० मीटर उंचीवर असलेले हे पठार २०१२ साली पश्चिम घाटातील जागतिक वारसा स्थळांत समाविष्ट झाले. त्या यादीतल्या ३९ ठिकाणांपैकी चार महाराष्ट्रात आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलांचा हंगाम असतो, परंतु प्रत्येक आठवड्यात फुलणारी फुले वेगळी असतात, आणि एखाद्या वर्षी पाऊस मागेपुढे झाला तर सगळेच वेळापत्रक सरकते. छायाचित्रांत दिसणारे जांभळे-पिवळे विस्तार पाहून गेलेले लोक निराश होऊन परततात, आणि त्यांच्या पायांशी जगातल्या विलक्षण वनस्पती तशाच राहून जातात.

कासला पाहण्यासारखे आहे ते जमिनीलगत. पठार जांभ्या खडकाचे आहे, वर मातीचा थर अगदी पातळ आहे, पावसाळ्यात पाणी साचून राहते आणि त्या मातीत वनस्पतींना लागणारी पोषणद्रव्ये फार कमी असतात. म्हणून तेथे कीटक खाऊन ती उणीव भरून काढणाऱ्या वनस्पती टिकल्या. सीतेची आसवे हे निळसर-जांभळे नाजूक फूल सगळे जण पाहतात, पण तिची शिकार चिखलात चालते. तिच्या तंतूंवर बारीक फुगे असतात. फुग्याच्या दाराशी असलेल्या केसाला सूक्ष्म जीवाचा स्पर्श झाला की दार उघडते आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो. हे सर्व सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास घडते, वनस्पतिसृष्टीतल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ती एक आहे. शेजारीच दवबिंदू ही दुसरी कीटकभक्षी वनस्पती असते. तिच्या पानांवरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात आणि भिंगातून पाहिले तर त्यांत अडकलेली चिलटे दिसतात.

गेंदाचे पांढरे गोल तुरे, तेरड्याचे गुलाबी पट्टे, कवल्याची लाल ठिपक्यांची पिवळी फुले आणि साचलेल्या पाण्यात वाढणारा वायतुरा या सर्वांसाठी किमान अर्धा दिवस हवा. शक्यतो शनिवार-रविवार टाळावा, आधी नोंदणी करावी, आखलेल्या वाटेवरूनच चालावे आणि फुलांत बसून छायाचित्र काढण्याचा मोह आवरावा. बसल्याने दबलेली जागा आपल्याला लहान वाटते, पण मातीचा थरच बोटभर असेल तेथे ती भरून यायला फार वेळ लागतो.

तेथे जाण्या-येण्याची सोय कशी करता?

एस.टी.ने. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.मध्ये निम्मे तिकीट आहे, आणि वसतिगृहात राहणाऱ्या मुलींच्या आयुष्यात या सवलतीने किती फरक पडला आहे हे प्रत्यक्ष अनुभवल्याशिवाय कळणार नाही. घरी जाणे, सहलीला जाणे, दोन तासांसाठी साताऱ्याला जाऊन येणे यांसाठी आता बाबांना विचारावे लागत नाही. २९ सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो स्वारगेटपर्यंत येते, त्यामुळे शिवाजीनगरकडून तिथले एस.टी. स्थानक गाठणे सोपे झाले. खिडकीची जागा मिळाली तर सप्टेंबरमध्ये खंबाटकी घाटात सोनकीच्या फुलांनी पिवळे झालेले उतार चुकवू नयेत.

फुलांची नावे कशी ओळखता? मोबाइलवर छायाचित्र टाकले की नाव येते ना?

येते, आणि मीही आयनॅचरलिस्ट हे ॲप रोज वापरते. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून ते सुरू झाले, हे मला विशेष आवडते. यंत्र नाव सुचवते, मग जगभरातले जाणकार त्यावर मत देतात आणि पुरेसे एकमत झाले की नोंदीला संशोधनाचा दर्जा मिळतो. दुर्मीळ जातींचे नेमके ठिकाण ते आपोआप झाकून ठेवते. कंद आणि ऑर्किड उपटून नेणारे लोक आहेत, त्यामुळे ही सोय महत्त्वाची आहे, आणि इतर समाजमाध्यमांवर अशा फुलांचे ठिकाण जाहीर करणे मी कटाक्षाने टाळते.

मात्र आधी नाव आणि मग निरीक्षण, हा क्रम मला मान्य नाही. माझी पद्धत अशी आहे की प्रथम वहीत पेन्सिलने आकृती काढायची, पाकळ्या आणि पुंकेसर मोजायचे, पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक हे लिहायचे आणि त्यानंतरच मोबाइल काढायचा. छायाचित्र काढताना देठावर केस आहेत की नाहीत याकडे लक्ष जात नाही. आकृती काढताना जातेच, कारण ते ठरवल्याशिवाय रेघ पुढे सरकत नाही. चित्रकला चांगली असण्याची आवश्यकता नाही. छाया न देता साध्या स्वच्छ रेषा काढाव्यात आणि नावे एका बाजूला सरळ रेघांनी लिहावीत, एवढे पुरे.

या काळात वाचनात काय आवडले?

मराठी विश्वकोश. त्याचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईतून उभे केले, पहिला खंड १९७६ साली निघाला आणि आज वीसही खंडांतला मजकूर इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो. आमच्या गावातून बाजाराला वाईला जाताना विश्वकोशाचे कार्यालय लागते हे लहानपणापासून ऐकले होते, पण तो उघडून वाचायला मी पुण्यात आल्यावर लागले. वनस्पतींच्या नोंदींत शास्त्रीय नाव, कुळ, रचना, प्रसार आणि लोकांतला उपयोग हे सर्व स्वच्छ मराठीत एका जागी मिळते. आमचे क्रमिक पुस्तक इंग्रजीत आहे. पुमंग, जायांग, किंजपुट, कुक्षी हे फुलाच्या भागांचे शब्द विश्वकोशात वाचल्यानंतर गावाकडच्या माणसांशी माझ्या विषयाबद्दल बोलता येऊ लागले, आणि त्यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे मला स्वतःला तो विषय नीट समजला.

दुसरा ग्रंथ इंग्रजीतला आहे. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची सविस्तर नोंद करणारा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला. हे कुक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य होते, म्हणजे आजच्या सी.ओ.ई.पी. या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेचे. तो ग्रंथ आता इंटरनेटवर उपलब्ध आहे. वनस्पतींची वर्णने कोरडी आहेत, परंतु एखाद्या जातीखाली ती कोठे आणि कोणाला सापडली हे वाचताना ओळखीची गावे भेटतात, आणि ती वनस्पती तेथे अजून असेल का, हा प्रश्न मनातून जात नाही.

दिवाळी अंकांचेही नाव घ्यायला हवे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा आमच्या मजल्यावर वर्गणी काढून पाळली जाते. प्रत्येकीने एक अंक घ्यायचा आणि नोव्हेंबरअखेरपर्यंत ते फिरवायचे.

खाण्यातली आवडती गोष्ट?

शेवळाची भाजी. माझी खोलीतली मैत्रीण रायगड जिल्ह्यातली आहे आणि जूनमध्ये तिच्या आईने ती डब्यातून पाठवली. आमच्या घाटावर कुर्डू, करटोली, भारंगी होते, पण शेवळे मी तोपर्यंत खाल्ली नव्हती. पहिल्या पावसानंतर जमिनीतून वर येणारे हे जांभळट कोंब म्हणजे सुरणाच्या जवळच्या एका रानवनस्पतीचे फुलोरे असतात. काकूंनी फोनवर सगळी कृती सांगितली: बाहेरचे आवरण सोलायचे, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, उरलेले अगदी बारीक चिरून तेलात चांगले परतायचे आणि काकड नावाची आंबट-तुरट फळे उकडून त्यांचा रस घालायचा. काकड मिळाली नाहीत तर चिंच किंवा आमसूल. त्यांच्याकडे त्यात वाल किंवा सोडे घालतात.

काकड विसरायची नाहीत हे त्यांनी तीनदा बजावले, कारण त्याशिवाय घसा खाजतो. त्याच आठवड्यात प्रॅक्टिकलला आम्ही अळूच्या देठाचा छेद पाहिला. पेशींमध्ये सुयांच्या जुड्या असाव्यात तसे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक स्पष्ट दिसतात. अळू, सुरण आणि शेवळ एकाच कुळातले, आणि घशाला टोचतात ते हेच स्फटिक. आंबट पदार्थ घालून आणि भरपूर शिजवून हा त्रास कमी करण्याची रीत रानाजवळच्या बायकांनी सूक्ष्मदर्शक नसताना शोधून काढली, आणि ती आईकडून मुलीकडे बिनचूक पोचली. रानभाज्यांच्या ज्ञानाला मी अभ्यासाचा विषय मानते. अर्थात पक्की ओळख असलेल्या माणसाने खुडून दिल्याशिवाय कोणतीही रानभाजी खाऊ नये, हे आग्रहाने सांगते.

वनस्पती तोडून हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) करणे योग्य आहे का?

एक्स्कर्शनला, म्हणजे अभ्याससहलीला, प्रत्येक विद्यार्थ्याने एकेक रोप उपटले तर डोंगराचा तो उतार रिकामा होईल, म्हणून मी स्वतःची शीट केवळ तण आणि सर्वत्र आढळणाऱ्या वनस्पतींची करते. राखीव क्षेत्रात तर परवानगीशिवाय काहीही तोडता येत नाही. परंतु संग्रहांचे मोल फार मोठे आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागाचे केंद्र १९५५ पासून पुण्यात आहे आणि तेथील संग्रहावर संशोधक आजही अवलंबून असतात. सुमारे ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या कागदावर शिवलेली वाळकी फांदी आणि कोपऱ्यातली चिठ्ठी, एवढ्यावरून ती जात त्या वर्षी त्या गावी होती हे सिद्ध होते. चिठ्ठीवर ठिकाण आणि तारीख नसेल तर ते केवळ वाळलेले पान आहे. पावसाळ्यात वर्तमानपत्राचे कागद रोज बदलावेत, नाहीतर बुरशी धरते.

एकूण खर्च किती येतो?

चांगले भिंग काही शे रुपयांत मिळते. वही आणि पेन्सिल घरात असतेच. विश्वकोश, कुकचा ग्रंथ, ॲप आणि टेकडी यांना काही लागत नाही. फोल्डस्कोप दोघी-तिघींनी मिळून घ्यावा.

याचा परीक्षेत उपयोग होतो का?

स्पॉटिंगमध्ये होतो, कारण हातात घेऊन पाहिलेली वनस्पती विसरत नाही. लेखी परीक्षेत फारसा होत नाही, आणि तो व्हावा म्हणून मी हे करतही नाही. घरी आजोबा विचारतात की यातून नोकरी मिळेल का. त्यांना मी असे उत्तर दिले आहे की वनसेवा, संशोधन, अध्यापन, रोपवाटिका असे मार्ग आहेत आणि या सर्वांत वनस्पती ओळखणाऱ्या माणसाची गरज असते. त्यांना ते अर्धे पटले आहे.

पावसाळा संपला. आता हिवाळ्यात भिंगाचे काय काम?

पुष्कळ आहे. झाडांच्या खोडांवर आणि टेकडीच्या खडकांवर राखाडी, हिरवट, नारिंगी ठिपके दिसतात, ते बहुतेक शैवाक असतात. बुरशी आणि शैवाल एकत्र राहून हा जीव बनतो. गोड्या मसाल्यातले दगडफूल म्हणजे शैवाकच. डब्यातला एक तुकडा भिंगाखाली धरला तर त्याची काळी-पांढरी बाजू, कडेच्या घड्या आणि नशीब असेल तर पृष्ठभागावरच्या बारीक वाट्या दिसतात. जानेवारी-फेब्रुवारीत काटेसावर फुलेल. तिचे जाड पाकळ्यांचे लाल फूल झाडाखाली पडलेलेच मिळते, तोडावे लागत नाही. त्यातले पुंकेसर मोजायचे असतील तर सकाळी लवकर जावे, दुपारपर्यंत ती फुले पायांखाली येऊन चेंगरतात.